पक्षी बघायला जाताय? धोका नदीकाठी नाही, गाडीत आहे

हा आपल्या या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित भाग. ऐकताना मुद्दे लिहून घेता येत नाहीत, असं तुमच्यापैकी बरेच जण म्हणता. आजचा विषय तर ग्रुपवर फॉरवर्ड करण्यासारखाच आहे, म्हणून बोललो तसंच जवळपास उतरवलंय. अधलेमधले 'म्हणजे' आणि 'अॅक्चुअली' तेवढे काढलेत.

तर, ५ नोव्हेंबरपासून पक्षी सप्ताह सुरू होतोय. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर ही सलीम अलींची जयंती. या दोन तारखांच्या मधला हा आठवडा महाराष्ट्र सरकारने २०२० मध्ये पक्षी सप्ताह म्हणून अधिकृतपणे जाहीर केला. योग बघा, पहिलाच सरकारी पक्षी सप्ताह आला तो ऐन कोरोनात.

२०२१ मध्ये लस आली. २१ ऑक्टोबरला देशात १०० कोटी डोस पूर्ण झाले. सगळे ग्रुप पुन्हा जागे झाले आणि 'रविवारी कुठे?' सुरू झालं. मीही जाणार आहे. पण त्याआधी २०२० ची एक गोष्ट सांगायची आहे. वर्षभर टाळत होतो.

८ नोव्हेंबर २०२०, रविवार

आम्ही आठ जण कवडी पाटला गेलो होतो. पुण्याबाहेरच्या लोकांसाठी सांगतो: सोलापूर रस्त्याने हडपसरच्या पुढे, लोणी काळभोरच्या अलीकडे, मुळा-मुठेच्या काठावरची ही जागा. थंडीत इथे चक्रवाक येतात, थापट्या येतात, धोबी तर पायात येतील इतके. आणि नदी? नदी म्हणजे पुण्याचं सगळं सांडपाणी. जुन्या बंधाऱ्यावर प्लास्टिकचा थर आणि असा वास की पहिल्यांदा येणारा माणूस रुमाल काढतोच.

आयोजक मी होतो. फॉर्म मी बनवला, ग्रुप मी चालवला, पक्ष्यांची यादी मी काढली. आदल्या संध्याकाळी घसा जरा खवखवत होता आणि अंग कसकसत होतं. स्वतःला सांगितलं, दिवसभर लॅपटॉपसमोर बसलोय, एसीमुळे असेल. मी नाही गेलो तर ट्रिपच होणार नाही, हेही डोक्यात होतं. कुणालाच काही बोललो नाही.

आठपैकी चार जण आपापल्या दुचाकीवर आले. आम्ही चौघं एका मित्राच्या गाडीत. पहाटे पावणेसहाची वेळ, गारठा होता, म्हणून काचा बंद. पाऊण तास गाणी, गप्पा, हसणं. मास्क हनुवटीवर.

नदीकाठी मात्र आम्ही एकदम शिस्तीत. मास्क वर, अंतर राखून, दर अर्ध्या तासाला सॅनिटायझर. आणि तिथे मी एक वाक्य बोललो, जे अजून विसरलो नाही. म्हटलं, "आज नदीला वास नाही रे, लॉकडाऊनमुळे पाणी सुधारलं वाटतं!" बाकीचे हसले. त्यांना वाटलं मी विनोद करतोय.

नदी सुधारली नव्हती. माझं नाक गेलं होतं.

परतताना दुचाकीवाले परस्पर घरी गेले. आम्ही चौघं पुन्हा बंद काचांच्या गाडीत आणि मग मिसळ खायला. छोटं हॉटेल, आतली टेबलं, तासभर.

मंगळवारी मला ताप भरला. गुरुवारी, १२ तारखेला, रिपोर्ट आला: पॉझिटिव्ह. त्याच दोन दिवसांत गाडीतल्या बाकी तिघांना लक्षणं सुरू झाली. दुचाकीवरच्या चौघांपैकी कुणालाही काही झालं नाही. त्यांच्या टेस्टही निगेटिव्ह आल्या.

आम्ही चौघं घरीच बरे झालो. पण ज्याची गाडी होती त्या मित्राचे वडील ६४ वर्षांचे, डायबेटिस असलेले. दिवाळी झाली आणि त्यांना ताप आला. दोन दिवसांनी ऑक्सिजन उतरला, ॲडमिट करावं लागलं. अकरा दिवस ऑक्सिजनवर होते. डिसेंबरमध्ये घरी आले तेव्हा त्यांच्या बाल्कनीत आकाशकंदील तसाच लटकत होता. उतरवायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

काका पक्षी बघायला आलेच नव्हते.

कुणाकडून कुणाला गेला, हे मी सिद्ध करू शकत नाही. चौघांनाही बाहेर कुठून तरी वेगवेगळा लागला असंही असू शकतं. पण सगळ्यात आधी लक्षणं मला होती, हे मला माहीत आहे. हा एपिसोड त्यासाठी.

फोडणीचा ठसका

आता मुद्द्यावर. नदीकाठी तीन तास एकत्र असून काही झालं नाही आणि गाडीत झालं, असं का?

हा विषाणू मुख्यतः हवेतून जातो. बोलताना, हसताना, गाताना तोंडातून बारीक कण बाहेर पडतात. मोठे थेंब एक-दोन मीटरमध्ये खाली पडतात. अगदी सूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात.

स्वयंपाकघरात खिडकी बंद ठेवून कुणी मिरचीची फोडणी दिली की हॉलमध्ये बसलेल्यालाही ठसका लागतो. तो फोडणीपासून पंधरा फूट लांब असतो, तरीही. तीच फोडणी गच्चीवर चुलीवर द्या. ठसका लागेल तो फक्त कढईवर वाकलेल्याला. मिरची तितकीच, पण गच्चीवर वारा तिला पसरवून टाकतो.

नदीकाठ म्हणजे गच्ची. गाडी म्हणजे खिडकी बंद असलेलं स्वयंपाकघर, तेही कपाटाएवढं.

याचं एक खरं उदाहरण आहे, आणि तेही एका सामूहिक कार्यक्रमाचंच. १९ जानेवारी २०२०, चीनचा झेजियांग प्रांत. एका बौद्ध प्रार्थनेच्या कार्यक्रमाला १२८ लोक दोन बसमधून गेले. कार्यक्रम बराचसा उघड्यावर होता. बसचा प्रवास जाऊन-येऊन १०० मिनिटांचा. दुसऱ्या बसमध्ये एक बाधित व्यक्ती होती. तेव्हा मास्कची पद्धत सुरूच व्हायची होती आणि बसचा एसी आतलीच हवा फिरवत होता. नंतर त्या बसमधल्या ६८ पैकी २४ जण पॉझिटिव्ह निघाले, त्या मूळ व्यक्तीसकट. पहिल्या बसमध्ये ६० जण होते. त्यातला एकही नाही. कार्यक्रमाला परस्पर आलेले आणखी १७२ लोक होते, त्यांच्यापैकी ७ जणांना लागण झाली.

म्हणजे कार्यक्रम एकच, मैदान एकच, माणसंही तीच. फरक पडला बसमुळे. आणि त्या बसमध्ये लागण झालेले फक्त शेजारच्या सीटवरचे नव्हते, लांबच्या रांगांतलेही होते. हॉलमधल्या ठसक्यासारखंच.

हा अभ्यास मी आजारपणात अंथरुणावर वाचला. आमच्या आठ जणांचा हिशोब अगदी तसाच होता.

आपण काळजी घेतो, पण चुकीच्या जागी

नदीकाठी आम्ही दर अर्ध्या तासाला हात चोळत होतो. हात स्वच्छ ठेवणं चांगलंच आहे, खाण्याआधी तर हवंच. पण अमेरिकेच्या सीडीसीने एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं, की पृष्ठभागाला हात लागून लागण होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजार स्पर्शांत एकाहूनही कमी आहे. तरी आपण ट्रायपॉड पुसत बसतो आणि नंतर चौघं काचा लावून घरी जातो.

दुसरी गोष्ट, तापमान बघायची बंदूक. गेटवर कपाळाला लावली, ९७ आलं, चला आत. माणूस लक्षणं दिसायच्या साधारण दोन दिवस आधीपासून दुसऱ्याला लागण करू शकतो. त्या रविवारी सकाळी मला ताप नव्हताच. बंदुकीने मला हसत आत सोडलं असतं.

मग खरं काय करायचं? मी जायच्या क्रमाने सांगतो.

निघण्याआधी: किती जण?

ग्रुपचा आकडा ही पहिली खबरदारी. साधं गणित आहे. समजा, शहरात शंभरात एक माणूस आत्ता बाधित आहे आणि त्याला ते माहीत नाही. आठ जणांच्या ग्रुपमध्ये असा किमान एक जण असण्याची शक्यता सुमारे ८ टक्के. पंचवीस जणांत २२ टक्के. पन्नास जणांत जवळजवळ ४० टक्के.

म्हणून पन्नास जण आले तर एक ट्रिप करू नका, पाच करा. वेगळ्या वेळा किंवा वेगळ्या जागा. तसंही पन्नास जण एकत्र चालायला लागले तर पक्षी काय, कुत्रंही थांबत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: 'येत नाही' म्हणणं सोपं करा

आम्ही सॉफ्टवेअरवाले 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतो. एकच सर्व्हर असा की तो बंद पडला की सगळं बंद. २०२० मध्ये तो सर्व्हर मी होतो. मला रद्द करता येत नव्हतं, म्हणून मी स्वतःच्या घशाशीही खोटं बोललो.

त्यानंतर आम्ही तीन गोष्टी बदलल्यात.

एक, प्रत्येक ट्रिपला दोन लीडर. जागा आणि पक्षी माहीत असलेला दुसरा माणूस तयार असतोच. एक गळला तरी ट्रिप होते.

दोन, पैसे पूर्ण परत, आदल्या रात्री बारा वाजता कळवलं तरी. पाचशे रुपये बुडू नयेत म्हणून खोकत येणारा माणूस सगळ्यांना महाग पडतो.

तीन, आदल्या संध्याकाळी सात वाजता ग्रुपवर एक मेसेज जातो: 'घसा, ताप, अंगदुखी, वास-चव, पोट, घरात कुणी आजारी. यातलं काहीही असेल तर फक्त "पुढच्या वेळी" एवढंच लिहा. कारण विचारणार नाही.' आणि खरंच विचारायचं नाही. 'अरे, एवढ्याशाने काय होतं, ये की!' हे वाक्य ग्रुपमध्ये बंद. आपल्याकडे आग्रह करणं म्हणजे प्रेम. जेवणात ठीक आहे, इथे नको.

२०२१ मध्ये याची जास्त गरज होती. ५ नोव्हेंबरला पाडवा, ६ ला भाऊबीज आणि ७ ला रविवारची ट्रिप. म्हणजे सगळे चार घरी फराळ करून, पन्नास नातेवाइकांना भेटून थेट आपल्यात येणार होते.

टेस्टबद्दलही विचारलं जातं. आयसीएमआरने मे २०२१ मध्ये घरच्या अँटिजेन टेस्टला मान्यता दिली. लक्षणं असून ती निगेटिव्ह आली तर आरटी-पीसीआर करा आणि रिपोर्ट येईपर्यंत घरी थांबा. निगेटिव्ह टेस्ट म्हणजे त्या क्षणाचा फोटो. उद्याची गॅरंटी नाही.

जाताना: गाडी

सगळ्यात चांगलं म्हणजे आपापली दुचाकी, किंवा एका घरातल्या लोकांची एक गाडी. ते जमत नसेल तर:

चारही काचा खाली. गारठा वाजतो, स्वेटर घाला. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी गाडीतल्या हवेचा कॉम्प्युटरवर अभ्यास केला. सगळ्या काचा उघड्या असताना हवा सगळ्यात चांगली बदलते, आणि सगळ्या बंद असताना सगळ्यात वाईट.

एसी लावावाच लागला तर 'आतली हवा फिरवणारं' बटण बंद. डॅशबोर्डवर गाडीच्या चित्रात गोल फिरणारा बाण असतो, तेच ते.

मास्क नाकावर, पूर्ण प्रवासभर. एन-९५ असेल तर पुढे व्हॉल्व नको, त्यातून आपला श्वास न गाळता बाहेर पडतो. आणि गाणी स्पीकरवर लावा, आपण गाऊ नका. गाताना कण जास्त सुटतात. माझा आवाज ऐकलेल्यांना हा नियम एरवीही आवडेल.

पोचल्यावर: 'कुठंय? कुठंय?'

उघड्यावर धोका कमी, पण कढईवर वाकलं तर ठसका लागतोच. आपण कढईवर कधी वाकतो? कुणीतरी 'खंड्या!' म्हणून बोट दाखवतं तेव्हा. आठ डोकी एकत्र, गालाला गाल, 'कुठंय? कुठंय?' म्हणून मान लांब.

उपाय सोपा आहे. घड्याळाच्या काट्यावर सांगा: 'समोरचं वाळकं झाड बारा वाजता, पक्षी दोन वाजता, पाण्यालगत.' जो तो आपल्या जागेवरून बघतो. अनुभवी पक्षीनिरीक्षक वर्षानुवर्षं हेच करतात, आपण आळस करतो.

दुर्बीण ज्याची त्याची. नसेल तर एका घरात एक. स्कोप एकच असेल तर रांगेत या, बघा, बाजूला व्हा. डोळ्याजवळचं रबर कापडाने पुसा. लेन्सवर सॅनिटायझर फवारू नका, कोटिंग खराब होऊ शकतं. हे मी एका मित्राच्या दुर्बिणीवर शिकलो, तो अजून बोलतो.

मोकळ्या माळावर, लांब अंतर असताना, चढण चढताना दम लागला तर मास्क खाली घ्यायला हरकत नाही. जवळ आलात, बोलायला लागलात, की वर. घामाने ओला झालेला मास्क बदला, एक जादा खिशात ठेवा.

मुलं येणार असतील तर लक्षात घ्या, नोव्हेंबर २०२१ मध्ये १८ वर्षांखालच्यांना आपल्याकडे लस मिळत नव्हती. त्यांच्याभोवतीच्या मोठ्यांनी दोन्ही डोस घेतलेले असावेत. आणि दोन डोस झालेला माणूसही विषाणू घरी नेऊ शकतो. लस त्याला स्वतःला गंभीर आजारापासून मोठ्या प्रमाणात वाचवते. त्याच्या आजीचं काय, हा प्रश्न उरतोच.

गावातून जाताना मास्क वर. पारावर बसलेल्या आजोबांना रस्ता विचारायला आपण जातो, ते आपल्याकडे येत नाहीत. शहरातून तिकडे काय नेतोय, याची जबाबदारी आपली.

आणि कोरोनाचा विषय नाही तरी सांगतो: मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला होता. फोटो काढा, जागा टिपा, वनखात्याला किंवा पशुसंवर्धन खात्याला कळवा.

नंतरची मिसळ

ट्रिपचा खरा धोकादायक भाग साडेनऊला सुरू होतो. भूक लागलेली, सगळे खूश, फोटो दाखवायचेत. छोटं हॉटेल, मास्क उतरलेले, समोरासमोर, मोठ्या आवाजात. तीन तासांच्या शिस्तीवर चाळीस मिनिटांत पाणी.

आमच्या ग्रुपचा नियम आहे: आपापला डबा, झाडाखाली, हातभर नाही तर चांगलं चार हात अंतर ठेवून. चहा घ्यायचा तर टपरीवर, बाहेर उभं राहून. मिसळीशिवाय ट्रिप पूर्ण होत नाही असं वाटणाऱ्यांनी पार्सल घ्यावं. तर्री वेगळी बांधून देतात.

घरी आल्यावर

कोण कोण आलं होतं आणि कोण कुणाच्या गाडीत होतं, याची यादी चौदा दिवस ठेवा. मग डिलीट करा. लोकांचे नंबर आयुष्यभर शीटमध्ये पडून राहायची गरज नाही. मधल्या काळात कुणाला लक्षणं आली तर त्याच दिवशी ग्रुपवर सांगायचं. रिपोर्टची वाट बघायची नाही.

हे मी २०२० मध्ये केलं नाही. मंगळवारी ताप आला आणि गुरुवारी रिपोर्ट आल्यावर सांगितलं. मध्ये दोन दिवस गेले. तो मित्र त्या दोन दिवसांत घरात मास्कशिवाय वावरत होता, वडिलांबरोबर किल्ल्याला माती लावत होता. मंगळवारी सांगितलं असतं तर तो वेगळ्या खोलीत राहिला असता. कदाचित काहीच फरक पडला नसता. पण तो दोन दिवसांचा वेळ त्याच्या हातात असायला हवा होता, आणि तो मी दिला नाही.

हे त्याला मी नंतर सांगितलं. घसा आदल्या रात्रीच खवखवत होता, हेसुद्धा. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग तुझ्या त्या एपिसोडमध्ये सांग की हे." म्हणून सांगितलं.

येत्या रविवारी आम्ही पुन्हा कवडीला जातोय. आठ जण, दोन लीडर, कुणाचीही कुणाबरोबर गाडी नाही. काकाही येणार आहेत, दोन्ही डोस झालेत. जिना चढताना अजून मध्ये थांबतात, पण कवडीला चढ नाही. मुलाच्या स्कूटरवर मागे बसून येतो म्हणालेत. त्या वेळी एवढं काय बघायला गेला होतात, ते त्यांना बघायचंय.

तुमच्या ग्रुपमध्ये काय नियम ठरलेत ते व्हॉइस नोटवर पाठवा, चांगले वाटले तर पुढच्या वेळी ऐकवतो. आणि शनिवारी संध्याकाळी कुणी 'पुढच्या वेळी' असं लिहिलं, तर त्याला एक अंगठा द्या. प्रश्न नको.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या, काचा खाली ठेवा!